त्या रविवारी घरी नसण्यासाठी

चौथं ठिकाण: तोरणमाळ.

नको.

(पहिली तीन नंतर सांगतो. ती आधीच गेली.)

तोरणमाळ जळगावहून परवडतं. ढग आहेत, तळं आहे, खोल्या स्वस्त आहेत. रूपाने माझ्या फोनवरचे फोटो एकेक करून सरकवले आणि सहाव्यावर थांबली. तळ्यात पायडलची बोट. बोटीत नवरा-बायको, मध्ये नारिंगी जॅकेटात बुडालेलं पोर.

"नको," म्हणाली.

*

काय हवं ते लिहून ठेवतो, म्हणजे शोधताना भरकटणार नाही.

दोन माणसं. सात दिवस. जाऊन-येऊन अठरा हजार. शांत जागा. ओळखीचं कोणी नको. लहान मुलं शक्यतो नकोत. आणि ऑगस्टचा पहिला रविवार त्या सात दिवसांत आलाच पाहिजे. बाकी काहीही चालेल. गरम पाणी नसलं तरी चालेल.

तो रविवार का?

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, धुळ्याला मोठ्या काकांकडे आमची देवी कानबाई बसते. सगळे भाऊबंद जमतात. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माझी आई एकेक नाव घेते आणि सुपात मूठ सोडते. मागच्या वर्षी तिने माझं नाव घेतलं, मग रूपाच्या मांडीवरच्या आमच्या तीन महिन्यांच्या पोराचं. त्याचे गहू सुपात पडले. कोणीतरी म्हणालं, "एवढुसा, आन् वाटा बापाएवढा!" सगळे हसले. रूपा सगळ्यांत जास्त हसली.

कार्तिकात तो गेला. दोन दिवस ताप होता.

यंदा आई माझं नाव घेईल आणि पुढच्या घराकडे वळेल.

एप्रिलमध्ये एकदा मेथी निवडताना रूपा म्हणाली, "मला त्या दिवशी तिथे बसवलंत तर मी भडगावला माहेरी जाईन. आणि परत येणार नाही." आवाज चढवला नाही. जुडी संपवली आणि हात धुतले.

मी मागच्या वर्षीचे कानबाईचे फोटो उघडले. वरती तारीख होती. तीन ऑगस्ट, रविवार. यंदा पहिला रविवार दोन तारखेला. मी ठरवलं, एक ते सात आपण जळगावातही नाही, धुळ्यातही नाही.

*

पहिलं: सापुतारा. सुरतेचा लोटनमामा दर शनिवारी मित्र घेऊन तिथे जातो. सुरतेत अर्धं खान्देश राहतं, आणि ते सगळं सापुताऱ्याला सुटी घालवतं.

दुसरं: महाबळेश्वर. अठरा हजारांत तीन दिवस. चौथ्या दिवशी काय, दरीत झोपायचं?

तिसरं: दापोली. समुद्र. रूपाने समुद्र पाहिलेला नाही. "पावसाळ्यात समुद्र फार मोठा आवाज करतो म्हणे," ती म्हणाली. "मला नाही झेपणार."

पाचवं मी रागाने सुचवलं. घराला बाहेरून कुलूप लावून आत राहू. सात दिवसांचं दूध, भाजी, सगळं आणून ठेवू. दिवा लावायचा नाही.

ती लगेच हो म्हणाली.

तिचा चेहरा बघून मीच घाबरलो. पुन्हा फोन उघडला.

*

मी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात हजेरी ठेवतो. रजेचा अर्ज दिला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा प्रेमराज म्हणाला, "सात दिवस! दुसरा हनिमून का, भाऊ?"

"तसंच समज."

"मग दोनाचे तीन होऊनच या!"

त्याला माहीत आहे. बोलून गेल्यावर आठवलं त्याला. दुपारी माझ्यासाठी चहा आणला आणि टेबलावर ठेवून गेला. अर्ज मंजूर झाला. वर्षातली राहिलेली सगळी रजा एकदम.

*

बुकिंगचं पान विचारतं:

प्रौढ: २
मुले: ०

शून्याच्या शेजारी अधिकचं चिन्ह. माझं बोट तिथे किती वेळ होतं माहीत नाही. रूपा शेजारीच बसली होती. तिने माझा हात धरून बाजूला केला आणि पुढे जायचं बटण स्वतः दाबलं.

*

सहावं ठिकाण: पचमढी.

भुसावळहून पिपरियापर्यंत गाडी, पुढे जीप. नातेवाईक नाही. मी लॉजवाल्याला फोन केला. मुलांची बाग जवळ आहे का, असंही विचारलं. त्याला वाटलं, मला हवी आहे. "नहीं साहब, पर पास में बनवा रहे हैं."

"भीड?"

"अभी कहाँ! पूरा खाली है, इसीलिए तो आधे रेट में दे रहा हूँ. भीड तो नागपंचमी पे होगी."

अर्ध्या दरात. मी एवढंच ऐकलं. पैसे भरले. परत मिळणार नाहीत अशी अट होती, तीही वाचून मान्य केली.

*

निघायच्या तीन दिवस आधी आईला फोन केला. भांडणाची तयारी करून.

"माय, एक ते सात आम्ही फिरायला जातोय. कानबाईला येणं होणार नाही."

"जा ना रे भाऊ, फिरी या दोन्ही जन. पन कानबाईनं काय मधमा?"

"दोन तारखेला नाही का?"

"काय दोन तारीख! औंदा अधिक व्हता ना! जून महिनामा सासरवाडीले धोंडा खाई उना ना तू? तेवीस तारीखले शे कानबाई." मग हसली. "जावई धोंडा खास आन् डोकं घरी ठेवस."

अधिक महिना. सासूबाईंनी पाटावर बसवून, ओवाळून, पुरणाचे धोंडे वाढले. मी दोनदा मागून घेतले. त्या एका महिन्याने श्रावण पुढे सरकतो, हे घास गिळताना मला एकदाही सुचलं

नाही.

*

रूपा बॅगेत टॉवेल भरत होती. मी सांगितलं. तेवीस तारीख. पैसे परत नाहीत. रजा संपली.

तिने टॉवेलची घडी मोडली नाही.

"तुम्हाला आज कळलं?"

"म्हणजे? तुला?"

"माझी आई संक्रांतीपासून तुमच्या धोंड्यासाठी चांदीची वाटी बघत होती. मला माहीत नसणार?"

"मग बोलली का नाहीस? मी एप्रिलपासून वेड्यासारखा..."

"एप्रिलपासून तुम्ही बोलत होतात ना." ती माझ्याकडे बघत नव्हती. "गर्दी नको, पोरं असतील. बाग नको. लॉजवाल्याला विचारलंत, आठवतं? कार्तिकापासून त्याच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता तुम्ही. जेवायचं, भिंतीकडे तोंड करायचं. मग रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायला लागलात. मी म्हटलं, शोधू दे. सापडूच नये असं वाटायचं."

"आणि तेवीसला?"

"तेवीसला मी तिथे बसणार नाही. ते तसंच आहे."

मी पलंगावर बसलो. सातवं ठिकाण, आठवं, एका दिवसाचं, बिनपगारी, उधारीचं. डोक्यात नुसती गावांची नावं. पहूर. फैजपूर. फैजपूरला काय आहे? केळी.

"माझ्यानेही त्या दिवशी ती नावं नाही ऐकवणार," मी म्हणालो. "तुझं नाव पुढे करून मीच पळत होतो."

"मग ते आईंना सांगा."

"आत्ता?"

"आत्ता."

आईने लगेच उचलला. अजून हसतच होती. "काय रे, पुन्हा तारीख भुलना का?"

"माय, तेवीसला आम्ही येणार नाही. तू माझं नाव घेशील, आणि त्याचं घेणार नाहीस. ते आम्हाला..."

हसू थांबलं. मागे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. कोणी गॅस बंद केला नाही.

"आन् मी?" आई म्हणाली. "मूठ तं मालेच सोडनी शे ना, भाऊ. मी कोठे जाऊ?"

रूपाने माझ्या हातातून फोन घेतला. कानाला लावला. "आई, आधी गॅस बंद करा," ती म्हणाली.