बादलीभर पाण्याचं माप

पूर्वाचं सकाळपासून कशातच चित्त नव्हतं. नारायण पेठेतल्या घरात लॅपटॉप उघडा, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याचा पत्ता नाही, आणि नवरा अभय शहराबाहेरच्या डोंगरात, तो खोदून घेत असलेल्या बोगद्याच्या तोंडाशी पेढे वाटत होता. का, तर महिनाभर छळणारी आतली गळती चार दिवसांत झपाट्याने कमी झाली होती!

पूर्वाचं संशोधन नेमकं त्यातलंच. दाबाखाली कातळ फुटायला लागला की त्यातून पाणी किती झिरपेल, हे ती संगणकावर मांडायची. अभय रोज गळतीखाली बादली धरायचा, भरायला किती वेळ लागला ते कळवायचा. तिचं मॉडेल सांगत होतं, कातळ फुटण्याआधी आवळतो. जुन्या भेगा मिटतात, पाणी कमी होतं, माणसं खूश होतात. मग बारीक नव्या भेगा पडतात, आणि त्या एकमेकींना मिळाल्या की संपलंच. अभयची मापं त्या उतरत्या रेषेवर तंतोतंत बसत होती.

तिने तिच्या गाइडना, रावसाहेबांना फोन केला.

"पूर्वाबाई, मॉडेल आहे ते. आकाशवाणी नव्हे."

"आणि खरं ठरलं तर, सर?"

"तर पेपर चांगला होईल."

काय बोलावं या माणसाला! तिने फोन ठेवला आणि अभयला लावला.

"माणसं बाहेर काढ. आत्ता."

"पेढा तरी संपवू दे."

"अभय!"

तिचा आवाज ऐकून तो चपापला. "बरं. वरच्यांच्या शिव्या खाईन, पण काढतो."

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. पण आलेखात आजचा ठिपका नव्हता ना! सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि निघता निघता एक रीडिंग घे हं."

थोड्या वेळाने मेसेज आला. "सगळे बाहेर. तुझ्या रीडिंगसाठी बादली घेऊन मी आत जातोय."

बोगद्यात रेंज नसते. तरी ती फोन लावत राहिली, गॅलरीत गेली, परत आली, पुन्हा गेली. कशाला मागितलंस गं, कशाला? एका ठिपक्यासाठी नवऱ्याला आत पाठवलंस? कुकर करपल्याचा वास घरभर झाला, पण गॅस बंद करायचंही तिला सुचेना.

फोन वाजला. आधी नुसती धाप, मागे माणसांचा गलका.

"अभय?"

"रीडिंग नाही मिळालं," तो म्हणाला. "बादली टेकवली आणि भिंतच फुटली. बादली गेली. एक बूटही गेला."

"मरू दे ते रीडिंग!" ती हुंदके देत ओरडली. "तू घरी ये."

महिन्याभराने रावसाहेबांनी आलेखावर बोट ठेवलं. "पूर्वाबाई, ऐन फुटण्याच्या वेळचा ठिपका कुठाय?"

"घरी आहे, सर," ती म्हणाली. "जेवतोय."