अठ्ठावीस पायांची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. काळे अंग, दोन रांगांत अठ्ठावीस पाय आणि पाठीवरची पुसत आलेली अक्षरे. पिरंगुटजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मुलांचे प्रोजेक्ट चालवण्यात माझी बारा वर्षे गेली. कधी सिग्नलचे दिवे लावले, कधी टाकी भरल्याची शिट्टी वाजवली. दरवर्षी मला उपटून नव्या सर्किटात खोचत. त्यात दोन पाय वाकडे झाले. तरी सगळे म्हणत, "ही मरत नाही." तेवढ्या कौतुकावर मी खूश होते.

मग उरवड्याची क्षितिजा आली. तिची आई जयाबाई तिथल्याच एका कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्या प्रेसने त्यांच्या करंगळीचे पेर नेले. म्हणून क्षितिजाने लाकडाची छोटी प्रेस बनवली. हात आत गेला की सेन्सरने मला सांगायचे आणि मी मोटर थांबवायची. हाताऐवजी ती काकडी घालून बघे. महिनाभरात एकही काकडी कापली गेली नाही. कारखान्याच्या मालकांनी शब्द दिला होता, "प्रदर्शनात चाललं तर एका मशीनला बसवून बघू."

प्रदर्शनाला दोन दिवस उरले आणि प्रोजेक्टचे मनीष सर म्हणाले, "ही चिप आता कोण बघतं? वायफायवाली लाव. मोबाईलवर दिसलं की मार्क पडतात."

"सर, पण ही चालतेय."

"चालतेय गं. उठून दिसायला नको का?"

मी टेबलाच्या कडेला डबीत जाऊन पडले. फार वाईट वाटले. नवी चिप वाईट नव्हती. पण सेन्सर पाच व्होल्टचा, आणि तिला साडेतीनच्या वर सोसत नाही. व्होल्टेज उतरवायला मध्ये दोन रेझिस्टर लावायचे घाईत राहून गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे दोनच झाले. प्रदर्शनात मालक समोर उभे होते. क्षितिजाने काकडी घातली. प्रेस खाली आली ती थांबलीच नाही.

मालकांनी काकडीचा तुकडा उचलून पाहिला. "ही काकडी हाय म्हनून बरं," एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी क्षितिजाने मला परत बसवले. मी पहिल्या फटक्यात मोटर थांबवली. तिने मालकांना दोनदा फोन केला. "आता न्हाई," ते म्हणाले.

हल्ली मी क्षितिजाच्या घरी टीव्हीशेजारी असते. सकाळी निघताना जयाबाई लाकडी प्रेसखाली हात घालतात. मोटर थांबते. "थांबतंय की गं. लई गुनाचं हाय," त्या म्हणतात. क्षितिजा मान वर करत नाही.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. चिप जुनी की नवी हे मागाहून बघा. ती कुणासाठी लावताय आणि तिला काय सोसते, हे आधी विचारा. मी इथे लाकडाची प्रेस राखत बसले आहे. आठच्या पाळीला जयाबाई खऱ्या प्रेससमोर उभ्या राहतात, आणि तिथे राखायला कुणी नसते.