गोदामामागची पांढरी माती

चैत्राचं ऊन माळावर वितळल्या तांब्यासारखं पसरलं होतं. पळसाच्या केशरज्वाला विझत आल्या होत्या. कडुनिंब मोहोरला होता. पण त्या मोहोराचा मधुमंद गंध पिंपळदरी गावात कधी पोचतच नसे. वाटेतच त्याला गोदामाचा दर्प गाठायचा. जडशीळ, कडवट, घशात रुतून बसणारा दर्प.

कधीकाळच्या सहकारी संस्थेचं ते गोदाम. आत बंदी आलेल्या कीटकनाशकांची पोती आणि गंजलेले पिंप. संस्था मेली, तिचे चेअरमन मेले, बंदीचा हुकूमही म्हातारा झाला. विष मात्र तरुण राहिलं. शुभ्र, पिठासारखं मऊ, निष्पाप दिसणारं विष.

शेजारीच अंगणवाडी. तिथल्या सेविका इंदुताई खोडके. एका सकाळी पोरांनी त्या पावडरीनं लंगडीचं रिंगण आखलं. सुबक, शुभ्र, चंद्रगोल रिंगण. आणि त्यात अनवाणी नाचणारी कोवळी, अजाण पावलं. इंदुताईंनी एकेकाचे हातपाय साबणानं धुतले.

तेव्हापासून त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या. कृषीवाले म्हणत, ते सहकारवाल्यांचं. सहकारवाले म्हणत, प्रदूषणवाल्यांचं. प्रदूषणवाले म्हणत, आधी कृषीवाल्यांना विचारा. उन्हाळे आले, उन्हाळे गेले. दर्प तेवढा राहिला.

आणि आज ते विष उचलून न्यायला ठेकेदाराचा ट्रक आला. पांढऱ्या झग्यांतली, मुखवटे चढवलेली माणसं उतरली, नवे पिंप उतरले, आणि सगळे दारापाशी थबकले. दाराला कुलूप होतं.

"किल्ली कोनापाशी हाये जी?" इंदुताईंनी विचारलं.

"तेच विचारतोय," कानावरचा फोन न काढता कृषी अधिकारी गुल्हाने म्हणाले. "कुलूप सहकार खात्याचं. त्यांचा माणूस आल्याशिवाय हात लावता येत नाही."

ऊन चढलं. सावल्या भिंतींच्या कुशीत आखडल्या. मुखवट्यांआड घाम ओघळत राहिला, पलीकडे फोन वाजत राहिला, आणि कोणी तो उचलेना.

इंदुताईंनी पदर खोचला. "चला माह्यासंगं," म्हणाल्या, आणि गोदामाला वळसा घालून त्यांना मागे घेऊन गेल्या.

मागे भिंत नव्हतीच. कधीचीच ढासळली होती. फुटकी पोती उघड्या आभाळाखाली पोटं फाडून पडली होती, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी त्यांतून एक धूसर, रेशमी निःश्वास उठत होता.

"पोरं इथूनच जाते, बकऱ्या इथूनच जाते," इंदुताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. थकून गेला होता. "तुमालेच तेवढी किल्ली लागते, साहेब."

गुल्हान्यांनी त्या भगदाडाकडे पाहिलं. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि माणसांना हाक दिली, "इकडून या."

दुपारभर फावडी चालली. अंगणवाडीची दारं-खिडक्या मिटून इंदुताईंनी पोरं आत गाण्यांत गुंतवून ठेवली. उन्हं कलली तेव्हा पिंपांची झाकणं घट्ट बसली होती आणि ट्रक निघायच्या बेतात होता. भगदाडाबाहेरची जमीन मात्र पांढरीच होती. खोलवर, हाडापर्यंत पांढरी.

"अन् हे माती?"

"माती आमच्या कामात नाही, ताई," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "पोती न् पिंप, एवढंच."

"तिच्यासाठी वेगळा प्रस्ताव लागेल," गुल्हाने म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकवेना.

इंदुताईंनी डोळे मिटले, उघडले. भांडायलाही काही उरलं नव्हतं. घरून कोयता आणून त्या ओढ्याकाठच्या बाभळीवर तुटून पडल्या. एकेक काटेरी फांदी फरफटत आणून पांढऱ्या मातीभोवती कुंपणासारखी रचू लागल्या. ट्रक गेला. त्याची धूळही बसली. फांदी जड होती, श्वास अपुरा होता.

एकाएकी फांदी हलकी झाली. दुसरं टोक गुल्हान्यांनी धरलं होतं. त्यांच्या बोटात काटा रुतला होता.

"प्रस्ताव मी करतो," फांदी रचता रचता ते म्हणाले.

"करा. मी इचारायले येत राहीन."

मग दोघं पुन्हा वळले बाभळीकडे. धुळीत फांद्यांचे ओरखडे उमटत गेले, लांबच लांब, वेडेवाकडे. आणि त्या ओरखड्यांत मावळतीचा तांबूस उजेड साचत गेला, निवत गेला, हळूहळू मातकट होत गेला.