जपमाळेतली डुलकी

दिवसभर शिलाई मशीन चालवून संध्याकाळी मी लेकीला घेऊन जपमाळेला बसते. हातात माळ, डोक्यात गिऱ्हाइकाचा ब्लाऊज आणि निम्म्यावर आलं की हमखास डुलकी. येत्या रविवारी चर्चमध्ये लेकीचा पहिला ख्रिस्तप्रसाद, आणि काल ती म्हणाली, "आई, मी नाही घेणार."

"का गं बाई? रविवारच्या फ्रॉकची नुसती बटणं राहिलीत!"

"तू तरी देवाला खरंच मानतेस का? तू तर झोपतेस."

 तिच्याशी खोटं बोलवेना. "मानते गं. काही दिवस मात्र नुसतीच बसते. माझी आईसुद्धा अशीच पेंगायची."

"मग उरलेला जप?"

"तिच्या बोटातला मणी धरून मी पुढे म्हणायचे."



आजही मला डोळा लागला. जाग आली तेव्हा माझ्या बोटांतून माळ हळूहळू सरकत होती आणि लेक पुटपुटत होती, "नमो मरिये..." मी डोळे मिटूनच राहिले.

"आई, घोरू नकोस ना, मणी चुकतो माझा."

बटणं उद्या सकाळीच लावून टाकते.