कूलरपुढे बसवलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पण लगेच 'अरेरे' म्हणून हळहळू नका, मला ते खपत नाही! माझ्या पोटात एक नाही, दोन प्रोसेसर आहेत. म्हणजे डोकी दोन, आणि दोन्ही ठिकाणावर! एका मोठ्या शहरातल्या कचेरीत मी इमारतींचे नकाशे काढत असे. तिथे नवे संगणक आले तेव्हा रिसोडच्या धीरजने मला विकत घेतलं आणि कंडक्टरशी भांडून, एसटीच्या सीटवर बसवून गावी आणलं.

धीरजचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे. शूटिंग तो करतो आणि त्याची बायको शुभांगी माझ्यापुढे बसून फिल्म जोडते. सुरुवातीला आमचं झकास जमलं. मग धीरजला कुणीतरी ओव्हरक्लॉकिंग शिकवलं. म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मला जास्त पळवायचं. मी पळालोही. "साऱ्या रिसोडात असं मशीन नाई!" असं तो येईल त्याला सांगत सुटला.

उन्हाळा आला, लग्नसराई आली आणि माझा दुसरा प्रोसेसर तापू लागला. तो पहिल्याच्या मागे बसतो, त्याचीच गरम हवा खातो. आधी फिल्ममधल्या एका नवरीच्या गालावर हिरवे चौकोन उमटले. मग मी कामाच्या मध्येच बंद पडू लागलो. हिशेब चुकतोय हे कळत असताना तसंच पुढे रेटणं माझ्या रक्तात नाही. धीरज मात्र म्हणाला, "नाटकं करून राह्यलं हे!"

मग माझ्यावर इलाज सुरू झाले. रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, विंडोज पुन्हा टाकलं, वायरी बदलल्या, सगळं एकाच दुपारी. वेग तेवढा कमी केला नाही, कारण त्यात साहेबांची शान जात होती. शेवटी माझा पत्रा काढून घरातला कूलर त्याने थेट माझ्या तोंडावर लावला! घरची माणसं घामाने निथळतायत आणि मी ओल्या हवेत वाळ्याचा वास घेत बसलोय. यंत्राला असले लाड मानवतात का? आत ओल शिरली आणि मी पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागलो.

त्यातच बाबूसिंग दारात उभे राहिले. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरून ते मुलीच्या लग्नाची फिल्म न्यायला आले होते.

"पोरगी उद्या सासरी सुरतले चालली," ते म्हणाले. "तिच्या आजीले चालता येत नाई, तिनं लगन पायलंच नाई. नातीसंग बसून पाह्यतो म्हन्ते. आज देतो म्हनलं होतं तुमी!"

"संध्याकाळी नेजा काका," धीरज म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आज फिल्म निंगाली नाई, तं ह्याले भंगारात देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पळवायचं यांनी आणि दोष माझा? चोर सोडून संन्याशाला सुळी!

शुभांगी उठली. तिने आधी कूलर बंद केला. "आवो, पाच औषधं एकदम पाजल्यावर गुन कशानं आला, कसं समजन? एक एक करून पाहू." मी पुरता कोरडा होईपर्यंत तिने मला कुणाला हात लावू दिला नाही. मग तिने दोन्ही प्रोसेसर आळीपाळीने एकेकटे चालवून पाहिले. पहिला पळाला. दुसरा त्याच वेगाला बंद पडला.

"ह्याले झेपत नाई. वेग कमी करा."

"लोक काय म्हन्तीन?"

"लोकाइले फिल्म पायजे. तुमचा वेग कोन पाह्यते?"

तिने स्वतःच मला मूळ वेगावर आणलं. मी सावकाश निघालो, पण कुठेही अडलो नाही. दिवस मावळताना बाबूसिंग उपरण्याच्या गाठीत पेनड्राइव्ह बांधून तांड्याकडे निघाले.

ते जाताच धीरजची बोटं पुन्हा शिवशिवली. "आता थंडं झालं हे. थोडासाच वाढवू का?"

"वाढवा नं," शुभांगी म्हणाली. "मंग भंगारवाला आला की सांगजा, ह्याच्यासंग मी बी चालली."

धीरजने हात मागे घेतला.

तर मित्रांनो, आमची निगा राखा म्हणून मी तुमच्या विनवण्या करणार नाही. झेपेल तेवढं सांगा, जन्मभर करीन. त्यापुढे पळवाल तर मी पुन्हा बंद पडेन, ऐन लग्नसराईत पडेन! आणि तेव्हा मला भंगार म्हणायचं असेल, तर माझा वेग कुणी वाढवला ते आधी सांगा.