देवी हसली

स्यूकिमने चंद्रकोरीच्या आकाराचे दोन्ही लाकडी तुकडे ओंजळीत धरून कपाळाला टेकवले आणि देवळात देवीपुढे फरशीवर टाकले. दोन्ही सपाट बाजू वर येऊन पडले.

"हसली," सासू म्हणाली. "नीट विचार."

एक सपाट, एक फुगीर पडला तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर, तर नकार. दोन्ही सपाट पडले की देवी हसते; प्रश्नच तिला पटलेला नसतो. तैनान शहराजवळच्या त्या गावात पाळणा हलायचा तो हिच्या कृपेने. स्यूकिमला पाच मुलं होती. आरोग्य केंद्राची नर्स सायकलवरून घरोघर फिरून तांबी बसवून घ्यायला सांगत होती, नवराही तयार होता. सासूचं म्हणणं मात्र एकच, देणारीला विचारल्याशिवाय दार लावायचं नाही.

तांबी बसवून घेऊ का, असं स्यूकिमने पुन्हा विचारलं, पुन्हा तुकडे टाकले. तेच. तिसऱ्यांदा टाकले. एक तुकडा गरगर फिरला, थांबला. पुन्हा दोन्ही सपाट.

सासू वाकली. तिने तुकडे उचलून सदऱ्याला पुसले आणि जागेवर ठेवले. मग सुनेकडे न बघता विचारलं,

"कधी जाऊन आलीस?"

स्यूकिमची नजर फरशीवरून हलेना.

"मागच्या बुधवारी. तुम्ही वन्संकडे गेला होतात."

सासूने वर पाहिलं. देवीच्या दोन्ही बाजूंना बारा दायांच्या मूर्ती, प्रत्येकीच्या कडेवर एकेक मूल. त्यांच्यावरून तिची नजर सावकाश फिरली. आपल्याला सात झाली, आठव्या वेळी मरता मरता वाचलो, आणि तेव्हा विचारायची सोयच नव्हती, एवढं ती पुटपुटली. तेही सुनेला की देवीला, ते कळलं नाही.

"दुखलं का?"

"थोडं."

नैवेद्याला आणलेली, तिळाच्या तेलात शिजवलेली कोंबडी अजून कोमट होती. बाळंतिणीला महिनाभर देतात तीच. एरवी प्रसाद घरी नेऊन पोरांत वाटायचा. सासूने तिथेच पायरीवर बसून झाकण काढलं, एक तंगडी मोडली आणि स्यूकिमच्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "गार होईल."