फोन आला की नेट जातं

दांड्या : चार

विनायकचा फोन भाजीच्या कापडी पिशवीत. पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला. आणि त्या फोनच्या हॉटस्पॉटवर बेडरूममधला कुमुदचा लॅपटॉप. गाझियाबादच्या या नवव्या मजल्यावर नेटवर्कच्या दांड्या फक्त त्या खिडकीत येतात. ब्रॉडबँड सकाळीच गेलं. खाली कोणीतरी पाइपसाठी खणलं आणि केबलही उपटली.

पण चालतंय! पळतंय!

साठीच्या पुढच्या बायकांची बुद्धिबळ स्पर्धा, ऑनलाइन, अंतिम फेरी. कुमुदसमोर भोपाळच्या एक मॅडम. जिंकेल ती जयपूरला जाणार. खरा हॉल, खरा लाकडी पट, समोर खरं माणूस.

कुमुदची सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात गेली. ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबात एक पट होता, पटाभोवती पुरुष. ती मागे उभी राहून बघायची. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही. रिटायर झाल्यावर ती स्क्रीनवर खेळायला लागली, न दिसणाऱ्या लोकांशी, आणि जिंकायला लागली. समोर माणूस बसवून मात्र एक डाव नाही. एकही नाही.

म्हणून जयपूर.

नियम साधे. खेळाडूचा स्वतःचा फोन बंद. कॅमेरा चालू. खोलीत दुसरं कोणी नको, कोणी बोलायचं नाही. पंच स्क्रीनच्या कोपऱ्यातून बघणार. आणि नेट गेलं तरी पाळी ज्याची, त्याचं घड्याळ चालूच.

विनायकला बुद्धिबळ येत नाही. घोडा कसा चालतो विचारलं तर म्हणतो, दिमाखात. त्याने त्याला जमेल ते केलं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : 'आमची कुमुद फायनलला! आत्ता खेळते आहे. आशीर्वाद असावेत.'

कुमुदने उंट उचलला आणि तिरका थेट त्यांच्या

दांड्या : शून्य

"विनायकराव! अहो काय ऐकतेय मी!" मंडळाच्या साधनाताई. "वहिनींना द्या जरा."

"नंतर, नंतर, ताई."

ठेवला. आत कुमुदची खुर्ची करकरली.

या फोनची ही जुनी खोड. कॉल आला की नेट सोडतो. एका वेळी एकच काम. फाइल एक, टेबल एक.

दांड्या : तीन

आलं. उंट होता तिथेच आहे, घड्याळ पुढे गेलंय. कुमुदने पुन्हा उंट उचलला, ठेवला. भोपाळने प्यादं सरकवलं. मग कुमुदचा हत्ती

दांड्या : शून्य

"विनायक, सुधन्वा बोलतोय. यार, कमाल केली वहिनींनी!"

मंडळातली ज्येष्ठ मंडळी मेसेज वाचतात, उत्तर देतात ते फोनवरच. लिहिलेली शुभेच्छा पोचते यावर त्यांचा विश्वास नाही. विनायकने फोन सायलेंट केला. नेट तरी गेलंच. त्याने ग्रुपवर लिहिलं : 'कृपया कोणी फोन करू नये.'

लगेच तीन फोन. "अहो, फोन का करू नये? तब्येत ठीक आहे ना सगळ्यांची?"

दांड्या : दोन

स्क्रीनवर कुमुदचं घड्याळ लाल झालं होतं. पटावर ती पुढे, वेळात मागे. ती दरवाज्याकडे बघू शकत नव्हती, ओरडू शकत नव्हती. विनायक खिडकीपाशी उभा राहून बेडरूमच्या दाराच्या फटीतून बघत होता.

तेव्हा त्याला नोकरीतले दौरे आठवले. दौऱ्यावर निघताना तो ऑफिसच्या टेबलावरचा फोन शेजारच्या टेबलाकडे वळवून जायचा. कॉल फॉरवर्ड! या फोनमध्येही असणार. आहे! बिल्कुल आहे!

कोणाकडे वळवायचे? पाठ असलेला नंबर एकच. राजाभाऊ, समोरच्या टॉवरमधले, मंडळाचे सेक्रेटरी. प्रत्येक कार्यक्रमात माइकवरून स्वतःचा नंबर दोनदा सांगतात.

नंबर टाकला. बोट थांबलं. हे करतानाही नेट क्षणभर जाणार. गेलंच तर भोपाळच्या पाळीत जावं. पण पाळी कोणाची? विचारायचं नाही. पटावरून त्याला कळायचं नाही.

त्याने कुमुदचा डावा हात बघितला.

ती विचार करताना बांगडी फिरवते. भाजीवाल्यासमोर, बँकेत, मुलीच्या लग्नाची तारीख ठरवताना. निर्णय झाला की सोडते.

फिरतेय. फिरतेय. फिरतेय. फिर

सोडली! माउसची क्लिक!

त्याने दाबलं.

दांड्या : शून्य

दांड्या : शून्य

दांड्या : एक. दोन. चार!

समोरच्या टॉवरमध्ये राजाभाऊ : "हॅलो? नाही, मी विनायक नाही. मी राजाभाऊ. हो, वहिनी फायनलला. अहो, तुम्ही त्यांना लावलात तर मी कसा उचलला ते मला काय विचारता!" शेवटी वैतागून त्यांनी स्वतःच विनायकला फोन लावला. तो फिरून त्यांच्याकडेच आला आणि राजाभाऊंना राजाभाऊ बिझी मिळाले.

इकडे शांत. कुमुदचं प्यादं सहाव्या घरात. भोपाळचा राजा धावतोय. सातव्या. घड्याळ लालभडक. आठव्या! प्याद्याचा वजीर! शह. राजा बाजूला. शह. राजा कोपऱ्यात.

मात.

"बधाई हो, मॅडम," पंच म्हणाला. मग थांबला. "लेकिन एक बात बताइए. आप बीच में बार-बार गायब क्यों हो रही थीं?"

गायब होणं म्हणजे कोणाला तरी विचारून येणं, हे कुमुदलाही कळत होतं. "अहो," ती लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात येत म्हणाली, "ती पिशवी दाखवा."

विनायक खिडकीतच पिशवी धरून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. "सर, यही हमारा मोडेम है." मग आशीर्वादाचे सगळे फोन त्याने कॉल लॉगमधून एकेक दाखवले. साधनाताई. सुधन्वा. तब्येतवाले तिघे. पंचाने वेळा डावाशी ताडून बघितल्या. शेवटची खेप कॉल फॉरवर्डची; बाकी नेट गेलं तेव्हा तेव्हा कॉल, आणि प्रत्येक वेळी नुकसान कुमुदचंच. तो हसायला लागला, स्वतःला सावरलं, पुन्हा हसला.

"रिजल्ट कन्फर्म. जयपूर में मिलते हैं."

स्क्रीन बंद. कुमुद डायनिंग टेबलाशी गेली, एक खुर्ची ओढली.

"बसा."

"चहा करू का आधी?"

"बसा हो. माझ्यासमोर. बोलू नका, हलू नका." ती स्वतः पलीकडे बसली, कोपरं टेबलावर टेकली आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. "समोर माणूस असलं की कसं वाटतं, त्याची सवय करायची आहे मला."

विनायकला हसू आवरेना.

"हसताय? तिथे कोणी हसणार नाही. पुन्हा."